कमळकाकीचं सारवलेलं अंगण

आमच्या शेलार गावात लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी हॉलवाल्याला फोन करतो, मग डीजेवाल्याला, मग जेवणवाल्याला. एवढं सगळं करून तो घाम पुसत बसला की बायको कमरेवर हात ठेवून विचारते, "न् कमलकाकीला सांगलास का?" तेव्हा त्याच्या ध्यानात येतं की मुख्य माणूस राहूनच गेलं. डीजे नसला तर लग्न सुनंसुनं वाटतं, पण धवलारीण नसली तर आगऱ्यांच्यात लग्न होतच नाही. भटजी मंगलाष्टकं म्हणून दक्षिणा घेऊन जातो. त्याच्या आधी मांडव घालताना, तेलाला, हळदीला एकेका देवाला नावानं हाक मारून बोलवायचं आणि पाटावर बसवायचं, हे काम धवलारणीचं. ती मांडवात मांडी घालून धवले म्हणते आणि देव तिचं ऐकतात.

कमळकाकी म्हणजे केसरीनाथ भोईरांची बायको. खाडीकाठच्या गावातून ती या घरात आली तेव्हा तिला भाकरी थापता येत होती, भात लावता येत होता, भांडता तर फारच छान येत होतं. सासूला शिकवायला उरलं होतं ते एकच. सासू धवलारीण होती. तिनं सुनेला श्वास शिकवला.

"देवाला हाक मारलीस का त्याला पाटाव बसवेपरत दम तोडायचा न्हाय," सासू सांगायची. "दम तुटला तं देव दारानच उभा ऱ्हातो. मंग ते पोरीच्या संसाराचं तू बघशील का?"

लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं. जात्याच्या दांड्याला दोघी हात लावायच्या, सासू एक ओळ सोडायची आणि सून ती पकडायची. गणपती, गावदेवी, खाडीवरचा राखणदार, वेशीवरचा वीर, घरातले गेलेले वाडवडील, सगळ्यांचा मान ठरलेला, क्रम ठरलेला. सासू गेली आणि पाट कमळकाकीकडे आला. तिचा आवाज गोड होता असं कुणी म्हणणार नाही. तो रुंद होता, वारा नसताना भरलेल्या खाडीसारखा सपाट आणि लांब. हळदीच्या दिवशी नवऱ्याकडच्यांना टोमणे मारायची गाणी सुरू झाली की तिला आवरणं कठीण. एकदा कामतघरच्या एका व्याह्याला तिनं गाण्यात असा सोलला होता की तो बिचारा जेवायला बसायला तयार होईना.

तिला मुलगा एकच, देवेश. मुलगी नव्हती, पण धाकटी जाऊ बाळंतपणात गेली आणि तिची उन्नती कमळकाकीच्या पदराखाली वाढली. काकीनं तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, कॉलेजात जाताना ओढणीवरून भांडण केलं. उन्नती लहानपणी रुसली की काकी म्हणायची, "रुस बाय, रुस. पन तुझा धवला मीच बोलनार. तवा तरी माझ्याकडं तोंड करून बसशील." हा त्या दोघींचा करार होता. उन्नती मोठी झाली तरी कधी कधी मुद्दाम विचारायची, "काकी, माझा धवला कोन बोलनार?" आणि ठरलेलं उत्तर ऐकून गालात हसायची.

आता घरामागच्या कारखान्याच्या चिमणीकडे यायलाच हवं.

हायवेला वडपे गावाकडच्या लोकांनी शेतं गोडाऊनला दिली आणि मिशीला पीळ दिला. केसरीनाथांनी विचार केला, गोडाऊनवाला भाडं देतो, पण पोराला काय देतो? वॉचमनची खुर्ची. म्हणून त्यांनी घरामागचं भाताचं शेत कापड रंगवायच्या कारखान्याला भाड्यानं दिलं. बोलीत मुलाला पक्की नोकरी घातली. तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं होतं. भूमिपूजनाला कारखान्याचा शेट आला, नारळ फुटला, आणि शुभ काम म्हटल्यावर धवला हवाच. कमळकाकीनं स्वतः बसून सगळे देव बोलावले आणि त्या शेतात नीट बसवले.

सुरुवातीला कारखाना लहानच होता. एक बॉयलर, थोडी वाफ, चार दिवस काम तर दोन दिवस शुकशुकाट. वाळत टाकलेल्या कपड्यांवर एखादा काळा ठिपका पडायचा आणि काकी बांधावर उभी राहून मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मग शेटनं एका परदेशी कंपनीशी भागी केली. टॉवेल, चादरी, पडदे. कंपनीचं काम आलं आणि बॉयलर विझेनासा झाला. कागदावर त्यात भुशाचे ठोकळे जळत होते. खऱ्यात काय जळत होतं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. भिवंडीत लूमच्या चिंधीला काय तोटा? टेम्पो भरभरून चिंधी यायची, तिच्यासोबत प्लास्टिक यायचं, कधी रबर. धूर पिवळट काळा होता आणि तो वर जायचा नाही. केसरीनाथांच्याच घराची वाट धरायचा.

पहिल्या वर्षी काकीला खोकला झाला. दुसऱ्या वर्षी जिना चढताना मध्ये थांबावं लागायला लागलं. मग एका हळदीला, गावदेवीला हाक मारल्यावर, ओळ संपायच्या आधी तिचा श्वास संपला. तिनं खोकला आल्याचं सोंग केलं, पाणी मागितलं, पुन्हा पहिल्यापासून ओळ धरली. मांडवातल्या कुणाला कळलं नाही. तिला मात्र कळलं. घरी आल्यावर ती देवापुढे बसून राहिली आणि जेवली नाही.

भिवंडीच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि विचारलं, "चुलीवर किती वर्षं काढली?" म्हणजे झालं! बाईमाणसाची छाती गेली की चुलीला धरायचं. त्यानं श्वासानं ओढायचा पंप लिहून दिला. मग काकी माहेरी जाऊन राहिली. तिथे अजून चूलच पेटत होती, भावजय फुंकणीनं फुंकायची, आणि तरी हळूहळू काकीचा श्वास लांब होत गेला. एका सकाळी तिनं खाडीकडे तोंड करून अख्खा गणपती एका दमात बसवला. ती रडली. धावत घरी आली सांगायला, आणि चार दिवसांत पुन्हा होती तिथेच. दुसऱ्यांदा डॉक्टरकडे गेली तेव्हा त्यानं सांगितलं, धुरापासून लांब राहा, नाहीतर गेलेलं परत येणार नाही. सांगायला त्याचं काय जातं? मधुमेहाचा नवरा, नोकरीवाली सून, घर, दार, देव्हारा हे सगळं उचलून ती कुठल्या खाडीत नेणार होती?

त्याच सुमारास उन्नतीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, कामतघरचा. मुहूर्त वैशाखाचा.

देवेशची बायको मृणाली वडप्याच्या एका मोठ्या गोडाऊनच्या ऑफिसात होती. परदेशी कंपन्यांचे कागद तिच्या हाताखालून जायचे, इंग्रजी तिला पाण्यासारखं यायचं. एका संध्याकाळी ओट्यावर लसूण सोलता सोलता काकीनं तिला विचारलं, "मना एक सांग. त्यांच्याकडं काय पानी न्हाय, रंग न्हाय, का माणसं न्हाईत? हतं कशाला आले रंगवाला?"

"पाणी आहे, माणसं आहेत," मृणाली म्हणाली. "पण त्यांच्या देशात धुरावर दर लावलाय, आई. कारखान्यानं जितका धूर सोडला तितके पैसे सरकारात भरायचे. दर वाढत चालला. म्हणून कंपनीनं तिकडची रंगाई बंद केली आणि इकडे आणली. टॉवेलनं अंग पुसणार ते, टॉवेल रंगवणार आपण."

"न् हतल्या धुराला दर?"

"अशा कारखान्यांना अजून तरी नाही. लोखंड-सिमेंटवर त्यांच्या सरहद्दीवर कर घ्यायला लागलेत म्हणे. कापडावर नाही. कंपनी तिकडे छापते, आमचा धूर कमी झाला. ते खोटंही नाही. तिकडचा झालाच."

काकीनं लसणीची पाकळी टाकली. "म्हंजे आपलं आंगन झाडायचं न् केर शेजारनीच्या दारान लोटायचा."

"अगदी तेच."

"आमच्याकडं अशी बाय नांदत न्हाय," काकी म्हणाली आणि हसली. हसू अर्ध्यात खोकल्यानं गिळलं, आणि मृणाली पंप आणायला आत पळाली.

फाल्गुनात देवेश एक बातमी घेऊन आला. रंगाईच्या खात्यात तो सुपरवायझर झाला होता. कारखान्याचा मिंधा आणि त्याच कारखान्यानं गुदमरलेल्या आईचा मुलगा, असा दोन्हीकडून चेपलेला. कंपनीची एक बाई येणार होती. शेटला दुसरा, मोठा बॉयलर बसवायचा होता, कंपनी आपली दुसऱ्या एका देशातली रंगाईही इथेच आणणार होती. त्याआधी ही बाई पाहणी करणार, चालत्या बॉयलरवर यंत्र लावून धूर मोजणार, शेजारपाजारच्या लोकांशी बोलणार.

"बाई सरळ आहे म्हणतात," देवेश म्हणाला. "एका ठिकाणी तिनं नको लिहिलं तर कंपनीनं चिंधी जाळायची बंद करायला लावली, नवीन बॉयलर पण थांबवला. आई, मी बोललो तर उद्या मला गेटच्या बाहेर काढतील. तू बोल. तुझं कोण काय वाकडं करणार? मी मॅनेजरला पटवलंय, बाईचं जेवण आपल्याकडे. गावचं जेवण, गावची रीत, असं सांगून. मृणाली घरी राहील, तू बोलशील ते ती इंग्रजीत सांगेल. सगळं दाखव तिला. पत्रे दाखव, आंब्याची पानं दाखव, तुझा पंप दाखव."

केसरीनाथ खुर्चीत बसून ऐकत होते. ते म्हणाले, "शेत मी दिलं. बोल तू, मी बसतं तुझ्याबाजूला." एवढं बोलणंसुद्धा त्यांना फार होतं.

कमळकाकीला कित्येक महिन्यांनी जेवण गोड लागलं. मुहूर्ताला अजून वेळ होता. चिंधी थांबली, हवा फिरली, तर वैशाखापर्यंत दम येईल. माहेरी आला होता की. ती उन्नतीला म्हणाली, "तुझा धवला मीच बोलनार," आणि या वेळी ते न विचारता म्हणाली.

आता यापुढचं सांगायला जीव होत नाही, पण सांगितल्याशिवाय गत्यंतरही नाही.

बाई येणार त्या दिवशी मृणालीला सकाळी ऑफिसात बोलावणं आलं. दुपारच्या आत येते म्हणून ती गेली. देवेश पहाटेच ड्युटीवर, केसरीनाथ आणि उन्नती लग्नाच्या खरेदीला, जेवायच्या वेळी परतणार. काकी घरात एकटी, आणि घरी पाहुणा येणार. आगऱ्याच्या घरात पाहुणा येतो म्हणजे काय होतं ते तुम्हाला ठाऊक नसेल तर कुणा आगऱ्याशी सोयरीक करून बघा. ओट्यावर काजळीचा थर, त्यावर पाहुणीला बसवायचं? काकीनं ओटा धुतला. ओटा धुतला तर भिंत घाण दिसायला लागली, म्हणून भिंत पुसली. मग खिडक्यांचे गज. पायपानं आंबा धुतला, पान अन् पान, तुळस धुतली, शेवग्याला आंघोळ घातली. पत्र्यावर केसरीनाथांच्या पुतण्याला चढवून काळं पाणी खाली येईस्तोवर पाणी मारलं. अंगण शेणानं सारवलं आणि वर रांगोळी घातली. हे सगळं तिनं दम खात, पंप ओढत, बसत उठत केलं. जी काजळी दाखवायची म्हणून बाईला बोलावलं होतं, ती काजळी तिनं स्वतःच्या हातानं घासून काढली, आणि ते तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर तिचे हात चालू लागले ते डोक्याला विचारायला थांबले नाहीत.

एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं.

वालाचं बिरडं झालं, कोळंबी झाली, तांदळाच्या भाकऱ्या टोपलीत पडल्या. ताटं मांडून बघावीत म्हणून तिनं एक ताट ओट्यावर ठेवलं, तर बघता बघता भातावर काळी राख येऊन बसली. पाहुणीच्या ताटात राख! ती तशीच पदर खोचून कारखान्याच्या गेटवर गेली आणि मॅनेजरला बोलावून म्हणाली, "रं मॅनेजर, पाव्हनी जेवाला बसनार. जेवन होयपरत तेवढी भट्टी बंद ठेव. ताटान काली पडते."

मॅनेजरनं एकदा चिमणीकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं दोन्ही हात जोडले. "काकी, आप का शब्द मैं टालूँगा क्या? आत्ता बंद करतो."

भट्टी विझली. किती दिवसांनी त्या घरावर निळं आभाळ आलं.

मृणाली बाईच्या गाडीच्या मागोमागच पोचली. तिनं धुतलेला आंबा पाहिला, सारवलेलं अंगण पाहिलं, वर चिमणीकडे पाहिलं, आणि ती दारातच उभी राहिली. "आई, हे काय केलंत?" ती पुटपुटली. पण तोवर बाई पायातले बूट काढून रांगोळी चुकवत ओट्यावर आली होती.

बाई खरंच सरळ होती. पन्नाशीची, उन्हानं लाल झालेली, मांडी घालता येत नव्हती तरी हट्टानं खाली बसलेली. सोबत मॅनेजर होता. बाईनं त्याला बॉयलरचं विचारलं तेव्हा तो काय म्हणाला ते मृणालीनं ऐकलं: मॅडम, या गावात पाहुणा जेवताना शेजारी भट्टी पेटवत नाहीत, या मानाच्या काकी आहेत, त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, आम्ही गावाचा रिवाज मोडत नाही. बाईनं कौतुकानं काकीकडे पाहिलं आणि छातीशी हात जोडले. तिचं परतीचं विमान रात्रीचं होतं. भट्टी पुन्हा तापेपर्यंत ती थांबणार नव्हती.

पहिल्या घासालाच बाईनं मृणालीकरवी विचारलं, "तुम्हाला या कारखान्याचा काही त्रास होतो का?"

बाईसोबत कारखान्यातून आलेला देवेश खांबाला टेकून उभा होता. केसरीनाथ खुर्चीत पुढे सरकले.

काकी म्हणाली, "आधी जेव म्हनावं. अन्नाव बसलेल्या मान्साला वाईट सांगू न्हाय."

"आई, सांगा ना आत्ताच!"

"जेवूं दे तिला, मृणाली. मी कुठं पलते का?"

बाई जेवली. बोटं चाटून जेवली, त्याबद्दल तिला नावं ठेवता येणार नाहीत. मग मॅनेजरच म्हणाला, मॅडम, या काकी इथल्या मोठ्या गायिका. बाईनं फोन काढला, म्हणा म्हणाली. पाहुणीनं मागितलेलं नाही म्हणायचं? काकीनं सकाळपासून चारदा पंप ओढला होता, पाहुणीच्या तोंडावर खोकायला नको म्हणून. भट्टी विझलेली. वाऱ्याला मोगऱ्याचा वास. तिनं डोळे मिटले आणि गावदेवीला हाक मारली,

"खारीच्या वाटंनी माय गो येते,
चांदन्याचा पदर भुईला लागते..."

आणि काय सांगावं, दम तुटला नाही. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा गावदेवी वेशीपासून निघाली, खारजमिनीची वाट आणि अंगण ओलांडून आली आणि एका श्वासात पाटावर बसली. केसरीनाथांचे डोळे भरून आले. देवेशनं मात्र तोंड फिरवलं. बाईनं सगळं फोनमध्ये धरून ठेवलं आणि खूप वेळ टाळ्या वाजवल्या.

हात धुतल्यावर काकी बाईपुढे बसली आणि बोलायला लागली. धूर सांगितला, चिंधी सांगितली, राख सांगितली. "माझा दम गेला," ती म्हणाली. "मना आता गाता येत न्हाय." मृणालीनं शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. बाईनं ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एक अवघडलेपणा आला. ज्या बाईनं आत्ता तिच्यासमोर एका श्वासात गाऊन दाखवलं, तीच सांगत होती की गाता येत नाही.

"राख कुठे पडते, दाखवाल का?" तिनं विचारलं.

काकी उठली. तिनं खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. ती आंब्याकडे गेली, पान उलटं करून पाहिलं, दुसरं पाहिलं, फांदी ओढून वरचं पाहिलं. तुळस पाहिली. ओट्याची कड पाहिली. भिंतीवर तळहात घासून हात पुढे केला, त्यावर चुन्याचा पांढरा कण तेवढा लागला होता. तेव्हा तिला कळलं. ती अंगणाच्या मधोमध रांगोळीवर पाय देऊन उभी राहिली आणि चिमणीकडे बोट दाखवत म्हणाली, "हतंच पडते गो. देवाशप्पत हतंच पडते. मी धुतली. माझ्या हातानं धुतली मी."

मृणालीनं तेही सांगितलं. बाईनं मान हलवली, वहीत काहीतरी टिपलं. निघताना काकीनं तिची ओटी भरली, कारण ओटी न भरता सवाष्ण पाहुणी दारातून जाऊ द्यायची नसते.

त्या वेळी मृणालीनं बाईला एक प्रश्न मात्र विचारला. काकीनंच विचारायला लावला. "तुमच्याकडं धुराला दाम हाय, आमच्याकडं न्हाय. मंग धूर कुनाचा?"

बाई गाडीचं दार धरून थांबली. ती म्हणाली, "हा प्रश्न मी आमच्या ऑफिसातही विचारते." मग ती गेली. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांनी फक्त विचारायचं.

चैत्र संपता संपता दुसरा बॉयलर आला. बाईनं वाईट हेतूनं काही लिहिलं नसावं. तिनं जे पाहिलं ते लिहिलं: शेजारी घर स्वच्छ, झाडं हिरवी, तक्रार एक, पुरावा आढळला नाही, भट्टी स्थानिक रिवाजामुळे बंद असल्यानं कारखान्यानं दिलेले आकडे धरले. देवेशनं हे ऑफिसात वाचलं आणि आईला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. भुईत हादरा बसायला लागला, पत्रे पुन्हा काळे झाले, आणि काकी अंथरुणाला उशा रचून बसून झोपू लागली. माहेरी नेऊन ठेवली, तर या खेपेला खाडीची हवाही कामाला आली नाही. "भूमिपूजनाला मीच देव बसवले," ती एकदा केसरीनाथांना म्हणाली. "आता उठवूं कशी?" ते तिचे पाय चेपत राहिले.

उन्नती म्हणाली, "काकी, दुसरी धवलारीन बोलवू. तू नुसती बस." काकीनं मान हलवली. दुसरी आणायची कुठून? जी होती ती तीच होती, आणि जात्यावर बसून ओळ पकडायला कुणी आलंच नव्हतं.

मांडव घातला. उंबराची फांदी आली. उन्नती पिवळ्या साडीत काकीकडे तोंड करून बसली, करार होता तसा. काकीनं पंप ओढला, पदर सावरला आणि गणपतीला हाक मारली. कसाबसा गणपती बसला. तिनं गावदेवीला हाक मारली. गावदेवी वेशीपासून निघाली, खारीच्या वाटेला लागली, आणि तिथेच काकीचा दम तुटला. तिनं पुन्हा धरला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा आवाजच आला नाही, नुसती शिट्टीसारखी घरघर. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नवऱ्याकडच्या एका म्हातारीनं हलकेच म्हटलं, देव दारात उभा आहे. उन्नतीनं काकीचे दोन्ही हात धरले. तिला देवाचं काही नव्हतं, तिला काकी हवी होती.

तेवढ्यात डीजेवाल्या प्रितमला युक्ती सुचली. चांगल्या मनाचा मुलगा तो, त्याला वाटलं लाज राखावी. त्यानं मोबाइल जोडला आणि मांडवाच्या दोन्ही स्पीकरमधून कमळकाकीचा आवाज आला, रुंद, सपाट, भरल्या खाडीसारखा. बाईनं फोनमध्ये धरलेल्या गाण्याची कंपनीनं फिल्म करून सगळीकडे टाकली होती. मांडवातल्या मोठ्या पडद्यावर सारवलेलं अंगण, धुतलेला आंबा, निळं आभाळ, खाली कंपनीचं नाव आणि हिरवं पान. खारीच्या वाटंनी माय गो येते. बायकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि म्हातारीनं कपाळाला हात लावून नमस्कार केला.

काकीला ओरडायचं होतं, बंद कर ते. तोंड उघडलं तर आत हवाच नव्हती. मग तिनं हात वर केला आणि बोटं जोरजोरात हलवली, बंद, बंद.

प्रितमनं तिचा हात पाहिला. त्याला वाटलं, मागे ऐकू जात नाहीये असं काकी सांगतेय. त्यानं मान डोलावली आणि आवाज वाढवला.